सिगरेट सोडली, पण घरात कुणी माझ्याशी बोलेना

ताई,

माझं वय ४३. कॉलेजात सिगरेट लागली ती आजवर सुटली नव्हती. गेली बरीच वर्षं रोज एक पाकीट, पहिली उठल्या उठल्या. नऊ दिवसांपूर्वी सोडली. औषध नाही, पट्टी नाही, कुणाला आधी सांगितलंही नाही. ठरवलं आणि बंद केली. वाटलं होतं, घरचे खूश होतील. परवा मुलीच्या हातून पाण्याचा ग्लास पडला म्हणून मी एवढा ओरडलो की ती रात्री जेवली नाही. ऑफिसात दोन पानांचं टिपण लिहायला अख्खी दुपार जाते. रात्री दोनला जाग येते, मग झोप नाही. तोंड आलंय, पोट साफ होत नाही, आणि कमाल म्हणजे ओढत होतो तेव्हा नव्हता इतका खोकला आता येतो. काल बायको म्हणाली, "तुझ्या पाया पडते, एक ओढून ये, पण असा वागू नकोस." चिडून म्हणाली असती तर चाललं असतं. थकून म्हणाली.

मी मुळातच असा आहे का? इतकी वर्षं सिगरेटच मला माणसात ठेवत होती का? आणि दिवसाला दोनच, एक सकाळी, एक रात्री, असं ठरवलं तर घर आणि छाती दोन्ही सांभाळता येईल का?

(कृपया नाव छापू नये.)

---

तुम्ही मुळात असे नाही. हे मी धीर द्यायला म्हणत नाही. त्यामागे कारण आहे, आणि ते नीट समजलं तर पुढचे आठवडे काढणं सोपं जाईल, म्हणून त्यावर जरा वेळ घालवते.

झुरका घेतला की निकोटीन दहा ते वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. तिथे ते ठरावीक रिसेप्टरांना (मेंदूच्या पेशींवरच्या, रसायन पकडणाऱ्या जागांना) चिकटतं, डोपामिन हे सुखाची जाणीव देणारं रसायन सुटतं, बरं वाटतं. वर्षानुवर्षं हे चाललं की मेंदू त्या रिसेप्टरांची संख्याच वाढवतो. निकोटीन मात्र शरीरात फार वेळ टिकत नाही. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. म्हणजे सिगरेट विझल्यावर थोड्याच वेळात हे वाढीव रिसेप्टर रिकामे व्हायला लागतात आणि माणूस अस्वस्थ होतो. का, ते त्याला कळत नाही. समोरच्याचं बोलणं लांबलेलं वाटतं, हातातलं काम नकोसं होतं, मुलांचा आवाज डोक्यात जातो. मग पुढची सिगरेट, आणि सगळं पुन्हा ठीक. दिवसातून वीस वेळा हा अनुभव घेणाऱ्याची खात्रीच पटते की सिगरेट आपल्याला शांत ठेवते. रात्री घर फोडून सकाळी त्याच घरी पहाऱ्याला उभा राहणारा हा रखवालदार आहे. सकाळची पहिली सिगरेट सगळ्यात गोड लागते तीही याचमुळे. रात्रभराचा उपास असतो ना.

तेव्हा गेल्या नऊ दिवसांत घरच्यांनी जे पाहिलं ती तीच जुनी अस्वस्थता आहे. पूर्वी ती दर तासाभराने चिमूटभर यायची आणि लगेच दाबली जायची, आता सलग आली. कॉलेजच्या आधीचे तुम्ही असे ओरडणारे होतात का? घरात तुम्हाला तेव्हापासून ओळखणारं कुणी असेल तर विचारून बघा. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यास एकत्र करून पाहिलेला एक आढावा आला होता. ज्यांनी सिगरेट सोडली त्यांची चिंता, नैराश्य आणि ताण, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत, काही आठवड्यांनंतर कमी झालेला दिसला. आधीपासून मानसिक आजार असलेल्यांमध्येसुद्धा. सिगरेट माणसात ठेवत असती तर हे उलटं दिसायला हवं होतं.

आता दिवसांचा हिशेब. त्रास शेवटच्या सिगरेटनंतर काही तासांतच सुरू होतो, पहिल्या दोन-तीन दिवसांत शिगेला जातो आणि मग दोन ते चार आठवड्यांत उतरत जातो. तुम्ही नवव्या दिवशी आहात, म्हणजे सगळ्यात वाईट दिवस कुठल्याही मदतीशिवाय मागे टाकून आलात. निकोटीन तर तुमच्या अंगातून केव्हाच गेलंय. वाढलेले रिसेप्टर पूर्ववत व्हायला मात्र महिना ते तीन महिने लागतात. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर घाबराल. हा उतार सरळ नसतो. चार दिवस बरे जातील आणि मध्येच एक दिवस असा येईल की वाटेल, आपण पुन्हा पहिल्या दिवशी आलो. तसं झालेलं नसतं. दुसऱ्या दिवशी तुमचं तुम्हालाच कळेल.

शरीराच्या तक्रारींचं पटकन सांगते. निकोटीन आतड्यांना चालना देत असतं. ते थांबलं की आतडी काही दिवस आळसावतात, म्हणून बद्धकोष्ठ. भरपूर पाणी, तंतुमय खाणं, चालणं. तरी नाही जमलं तर औषधाच्या दुकानातलं साधं रेचक चालेल. सिगरेट सोडल्यावर तोंड येणं अगदी ठाऊक असलेली गोष्ट आहे आणि ते आपोआप जातं. खोकल्याचं तर खरं म्हणजे स्वागत करायला हवं. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला बारीक केसांसारखे तंतू असतात, त्यांचं काम कफ आणि घाण वर ढकलायचं. धुराने ते जायबंदी झालेले असतात. आता ते पुन्हा हलायला लागलेत आणि साठलेलं बाहेर काढतायत.

झोपेबद्दल मात्र मला एक शंका आहे. पत्रात चहा-कॉफीचा उल्लेख नाही, पण सिगरेट सुटल्यावर कपांची संख्या वाढली नाही असा माणूस विरळा. इथे एक गंमत होते जी फारशी कुणी सांगत नाही. सिगरेटच्या धुरातले काही घटक (निकोटीन नव्हे, धुरातली हायड्रोकार्बन्स) यकृतातल्या एका एन्झाइमला जोरात कामाला लावतात, आणि तेच एन्झाइम कॅफिनचा निचरा करतं. म्हणून ओढणाऱ्याच्या शरीरातून कॅफिन झपाट्याने जातं. सिगरेट बंद झाली की काही दिवसांतच तो वेग खाली येतो आणि तेवढ्याच कॉफीने रक्तातलं कॅफिन जवळजवळ दुप्पट होऊ शकतं. मग हात थरथरतात, छाती धडधडते, रात्री दोनला डोळे टक्क उघडे, आणि माणूस म्हणतो, हे सगळं सिगरेट सोडल्यामुळे. कप निम्मे करा, दुपारनंतर एकही नको. तीन-चार दिवसांत फरक दिसेल.

याच एन्झाइममुळे काही औषधांचं रक्तातलं प्रमाणही सिगरेट सोडल्यावर वाढतं. दम्यासाठी थिओफिलिन, किंवा मानसिक आजारासाठी क्लोझापिन, ओलान्झापिन यांपैकी काही कुणी घेत असेल तर सिगरेट सोडल्याचं डॉक्टरांना लगेच सांगायला हवं, डोस बदलावा लागू शकतो. रक्त पातळ करणारं वॉरफरिन असेल तर तपासणी लवकर करून घ्यावी. तुमच्यासाठी नसलं तरी हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल.

आता थोडं बोलून घेते. "औषध नाही, पट्टी नाही" हे तुम्ही छातीवर बिल्ला लावल्यासारखं लिहिलंय. चिकाटीबद्दल मला शंका नाही, पण आकडे कडू आहेत. नुसत्या निश्चयावर सोडणाऱ्या शंभरांपैकी सहा महिने ते वर्षभराने तीन ते पाच जणच सिगरेटपासून दूर राहिलेले असतात. बाकीच्यांचा निश्चय कच्चा होता असं मी मानत नाही. मधल्या आठवड्यांत त्यांच्या हाताशी काहीच नव्हतं, एवढंच. चष्मा न लावता वाचून दाखवलं म्हणून कुणी जास्त गुण देत नाही. आणि उशीर झालेला नाही, नवव्या दिवशीही निकोटीनची पट्टी (अंगावर चिकटवायची, त्वचेतून हळूहळू निकोटीन देणारी) सुरू करता येते.

निकोटीनचा गम, म्हणजे चघळायचं च्युइंगगम, मुळात कसा जन्माला आला ते ऐका. स्वीडनमध्ये १९६०च्या दशकात संशोधकांच्या लक्षात आलं की पाणबुडीतल्या नाविकांना आत सिगरेट ओढता येत नाही, तेव्हा ते तोंडात ठेवायच्या तंबाखूवर निभावतात. त्यावरून ओव्हे फर्नो या संशोधकाने धूर नसलेल्या निकोटीनचा विचार सुरू केला आणि १९७८ साली स्वित्झर्लंडमध्ये गम बाजारात आला. बंद जागेत, माणसांच्या गर्दीत, तलफ घेऊन बसलेल्यांसाठीच ही वस्तू बनली. तुमच्या घरात सध्या तीच परिस्थिती आहे असं पत्रावरून वाटतं.

दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्यांना साधारणपणे २१ मिलिग्रॅमच्या पट्टीपासून सुरुवात करतात, मग १४, मग ७, असं दोन-तीन महिन्यांत उतरवत नेतात. तुमचे नऊ दिवस निकोटीनशिवाय गेलेत, तेव्हा कुठून सुरू करायचं ते डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला ठरवू द्या. पट्टी रोज अंगावर वेगळ्या जागी लावायची. फार विचित्र स्वप्नं पडायला लागली तर झोपताना काढून ठेवायची. पट्टीचा परिणाम मंद आणि सलग असतो. मध्येच उसळणाऱ्या तलफेसाठी सोबत गम ठेवायचा, दोन्ही मिळून एकट्या पट्टीपेक्षा जास्त उपयोग होतो हे तपासलं गेलंय. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागत असे अशांना ४ मिलिग्रॅमचा गम सुचवतात, बाकीच्यांना २. तुम्ही पहिल्या गटातले. गम साध्या च्युइंगगमसारखा कराकरा चावायचा नाही. बहुतेक लोक तेच करतात, मग घसा जळतो, उचकी लागते, आणि "मला गम मानवत नाही" म्हणून मोकळे होतात. चार-पाचदा हळू चावायचा, तिखट झणका आला की गालाच्या आत दाबून ठेवायचा, झणका गेला की पुन्हा चावायचा. अर्धा तास पुरतो. गम तोंडात घालण्याआधी पंधरा मिनिटं कॉफी किंवा फळांचा रस नको, तोंडात आंबटपणा असला की निकोटीन शोषलं जात नाही.

"पुन्हा निकोटीनच घ्यायचं तर सोडलं कशाला?" हा प्रश्न तुम्ही विचारणारच. सवय निकोटीन लावतं, पण कॅन्सर आणि फुप्फुसाचे आजार येतात ते मुख्यतः धुरातल्या डांबरातून आणि जळण्यातून तयार होणाऱ्या बाकीच्या विषांमुळे. पट्टीतलं निकोटीन तासन्तास घेत हळूहळू चढतं. दहा सेकंदांचा तो झटका त्यात नाही, म्हणून तिची चटकही सहसा लागत नाही. याखेरीज गोळ्या आहेत. व्हॅरेनिक्लिन त्याच रिसेप्टरांवर अर्धवट बसतं, त्यामुळे तलफ कमी होते आणि सिगरेट ओढली तरी तिची मजा येत नाही. तिच्याने डोकं फिरतं अशी भीती बरीच वर्षं होती. २०१६ साली सुमारे आठ हजार लोकांवर झालेल्या चाचणीत तसं दिसलं नाही. मळमळ मात्र बऱ्याच जणांना होते. ब्युप्रोपिऑनही चालतं, पण कधी फिट आली असेल तर ते घ्यायचं नाही. या दोन्ही गोळ्या डॉक्टरांनीच द्यायच्या.

आता दोन सिगरेटींचा तुमचा बेत. नको. छाती सांभाळायचं म्हणत असाल तर २०१८ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेली एक मोजणी आहे. दिवसाला वीस सिगरेटींनी हृदयविकाराचा जो जास्तीचा धोका येतो, त्याचा निम्म्याच्या आसपास वाटा एका सिगरेटीनेही येतो. वीसची एक केली म्हणून धोका विसावा भाग होत नाही. शिवाय कमी ओढणारा माणूस प्रत्येक सिगरेट जास्त खोल, शेवटपर्यंत ओढतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि घर सांभाळायचं म्हणाल तर मेंदूच्या स्कॅनवर केलेल्या एका अभ्यासात दिसलं होतं की एक-दोन झुरक्यांतच ते रिसेप्टर निम्म्याच्या आसपास भरतात. जे रिकामेपण सोसायला मेंदू नऊ दिवस शिकतोय, ते रोज दोनदा भरायचं आणि रोज दोनदा पुन्हा रिकामं करायचं, म्हणजे आजचा हा त्रास तुम्ही कायमचा घरात ठेवून घेताय. सकाळच्या सिगरेटनंतरचा सगळा दिवस रात्रीच्या सिगरेटची वाट बघण्यात जाईल. त्या वाट बघणाऱ्या माणसासमोर ग्लास पडलेला चालेल का?

तलफ स्वतः काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ काढायचा असतो. पाणी पिणं, दीर्घ श्वास, जिना उतरून चढणं, यांची यादी सगळीकडे मिळते आणि त्यातलं झपझप चालणं खरोखर उपयोगी आहे, पाच-दहा मिनिटांच्या चालण्यानेही तलफ उतरते. पण मला वाटतं तुमचं मोठं नुकसान वेगळंच झालंय. सिगरेट तुम्हाला दिवसातून अनेक वेळा पाच मिनिटांची सुट्टी देत होती. टेबलावरून उठायला, कटकटीच्या बोलण्यातून बाहेर पडायला, कुणालाही कारण न देता एकटं उभं राहायला. सिगरेटबरोबर ती सुट्टीही गेली. आता तुम्ही दुपारभर एकाच टिपणासमोर खिळून बसता आणि वर म्हणता, लक्ष लागत नाही. सुट्टी परत घ्या. पूर्वी ज्या वेळांना उठत होतात त्याच वेळांना उठा आणि बाहेर जा, फक्त ओढणाऱ्यांच्या कोंडाळ्यात काही आठवडे उभे राहू नका. घरीही तसंच. डोक्यात कळ गेली असं वाटलं की खोलीबाहेर पडायची मुभा स्वतःला द्या. जेवणानंतर लगेच ताटावरून उठा, दात घासा, कारण तुमच्या त्या वेळच्या सिगरेटची जागा रिकामी राहिली की तीच बोलावते.

पण खोलीबाहेर का जाता हे घरच्यांना माहीत हवं. तुम्ही कुणाला न सांगता सोडलीत, त्यामुळे घराला फक्त एक चिडका माणूस दिसला, त्यामागचं काहीच कळलं नाही. आज बायकोशी बसून बोला. दोन-तीन आठवडे असे जातील, मदत घेतोय, आणि "एक ओढून ये" हे वाक्य काही झालं तरी म्हणू नकोस, असं स्पष्ट सांगा. त्या वाक्याचा राग धरू नका. पण एखाद्या कमकुवत क्षणी ते तुम्हाला परवानगीपत्रासारखं आठवेल, म्हणून ते मागे घ्यायला लावा. खिसे तपासणं, तोंडाचा वास घेणं हेही तिने करू नये. मुलीशी बोलताना जपून. "बाबाने सिगरेट सोडली म्हणून चिडतो" एवढंच सांगितलंत तर ती मनात म्हणेल, मग बाबाने ओढलेलीच बरी. ओरडलो ती माझी चूक, ग्लास पडणं ही काही चूक नव्हती, असं सरळ म्हणा. आणि पुढे मी मध्येच उठून बाहेर गेलो तर तो तुझ्यावरचा राग नाही, हेही सांगून ठेवा. मुलांना हे कळतं, मोठ्यांपेक्षा लवकर कळतं.

वजन वाढेल. वर्षभरात सरासरी चार-पाच किलो, त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत. आत्ता त्याच्या मागे लागू नका. सिगरेट आणि खाणं दोन्ही एकदम तोडणारा माणूस सहसा दोन्हीकडे परततो.

आणि एखादी ओढलीच गेली तर? बऱ्याचदा हे दारूच्या ग्लासाबरोबर होतं, म्हणून पहिला महिनाभर दारूच्या बैठका टाळा. तरी झालं, तर उरलेलं पाकीट तिथल्या तिथे पाण्यात घाला आणि पट्टी चालू ठेवा. एका सिगरेटने नऊ दिवस पुसले जात नाहीत. "आता ओढलीच आहे तर" या विचाराने पुसले जातात. वयाचा हिशेबही सांगते. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल यांनी डॉक्टरांच्याच धूम्रपानाचा १९५१पासून पन्नास वर्षं मागोवा घेतला. त्यात चाळिशीच्या आसपास सोडणाऱ्यांना, ओढत राहिलेल्यांपेक्षा सुमारे नऊ वर्षं जास्त आयुष्य मिळालेलं दिसलं. पन्नाशीला सोडणाऱ्यांना सुमारे सहा.

काही गोष्टी मात्र सिगरेट सोडण्याच्या खात्यावर टाकू नका. खोकल्यातून रक्त, छातीत दुखणं, चालताना धाप, महिना उलटूनही न थांबणारा खोकला, न भरणारी तोंडातली जखम, यांसाठी तपासणी करून घ्या. मन फारच खचलं, दोन आठवडे झाले तरी उभारी येईना, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार आले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पूर्वी कधी नैराश्यावर उपचार घेतले असतील तर ते त्यांना आधीच सांगा.

या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा. जाताना एका कागदावर लिहून न्या की रोज किती ओढत होतात, सकाळी उठल्यावर किती मिनिटांत पहिली लागत होती, सध्या कुठली औषधं घेताय, कधी फिट आली होती का, हृदयाचा काही त्रास आहे का. पट्टी, गम की गोळी, हे ठरवायला त्यांना एवढी माहिती लागते. परतीच्या वाटेवर औषध घेऊनच घरी या, उद्यावर टाकू नका.